काकाचा हात

आत्या : आधी ते बंद कर. स्पीकरची वायर काढ, मग बोलते.

सेड्रिक : काढली. काय झालं आत्या? एवढ्या उन्हात धावत आलीस?

आत्या : वर मलाच विचार. माझ्या भावाला जाऊन चार महिने नाही झाले, आणि तू भर दुपारी त्याच्या गाण्यांची कॅसेट लावतोस? गेलेल्या माणसाचा आवाज इतक्यात कानावर येऊ द्यायचा नसतो. बायका निखाऱ्यातली कांगारूची शेपटी तशीच टाकून रडायला बसल्या. तुझ्या काकूनं तर दगड उचलून कपाळावर मारून घेतला.

सेड्रिक : अरे देवा. फार लागलं?

आत्या : नर्सनं पट्टी बांधली. रडणं इथवर येत होतं, तुला ऐकू नाही आलं?

सेड्रिक : या आवाजात काही ऐकू येत नाही गं. पण मी कॅसेट नाही लावली. काकाच्या सगळ्या कॅसेट तो गेला त्याच दिवशी पत्र्याच्या पेटीत घालून तुझ्याच हातात दिल्या की.

आत्या : मला शिकवू नकोस. सख्खी बहीण आहे मी त्याची. गिटारवरचा त्याचा हात मला टेकडीपलीकडूनही ओळखू येतो.

सेड्रिक : तो मी होतो, आत्या.

आत्या : काहीतरीच.

सेड्रिक : मीच वाजवत होतो. नवं गाणं आहे, आपल्या पाणवठ्याचं. उद्या फुटबॉलचे सामने संपले की मैदानावर म्हणायचंय. काकाचं एकही गाणं घ्यायचं नाही असं आम्ही बँडमधल्या सगळ्यांनी ठरवलंय. त्याचं नावसुद्धा कोणी तोंडातून काढत नाही.

आत्या : खोटं बोलतोस.

सेड्रिक : बस इथं. स्पीकर न लावता वाजवतो, तुझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणार नाही.

(तो एक ओळ वाजवतो.)

आत्या : पुरे. पुरे रे बाळा.

सेड्रिक : पटलं?

आत्या : तार ओढून धरतोस आणि नको तेवढ्या उशिरा सोडतोस. तोही तसंच करायचा. मी चिडायचे, म्हणायचे, सोड की आता.

सेड्रिक : सहा वर्षांचा होतो तेव्हा त्यानंच माझी बोटं धरून तारांवर बसवली. दुसरं कोणी मला शिकवलंच नाही. महिनाभर खोड मोडायला बघतोय. जाड तारा लावल्या, गाण्याची पट्टी बदलली. दोन ओळी जमतं, मग हात आपला त्याच्याच वाटेला लागतो.

आत्या : मग साधी लाकडी गिटार घे. ती गावभर ओरडत तरी नाही.

सेड्रिक : चार वस्त्यांची माणसं, शेजारी जनरेटर धडधडतोय, तिथं लाकडी कोण ऐकणार? पोरं नाचतात ती या आवाजावर. ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहिलेली पोरंसुद्धा आपल्या भाषेतली गाणी म्हणतात, ती यामुळेच. हे काकानंच केलं ना?

आत्या : मला माहीत नाही का?

सेड्रिक : तू घरातली थोरली. तू हो म्हणालीस तर कोणी चकार शब्द काढणार नाही.

आत्या : माझ्या एकटीचं असतं तर आत्ता हो म्हटलं असतं. त्याची गाणी उघडायची तर आपली आणि काकूच्या माहेरची माणसं बसून ठरवतात, दोन वर्षांनी नाहीतर तीन वर्षांनी. पण ते गाण्यांचं झालं. नाव बंद केलं, फोटो भिंतीकडे फिरवला, घर सोडून तळ दुसरीकडे नेला. तुझ्या हाताचं काय करायचं ते आम्हाला कोणी सांगून ठेवलेलं नाही.

सेड्रिक : म्हणजे वाजवू नको.

आत्या : नको. जीव तुटतो रे माझा, पण नको.

सेड्रिक : तीन वर्षं नाही वाजवलं तर हे हात सगळं विसरतील.

आत्या : विसरले तर बरं होईल की वाईट, तेही मला कळत नाही.

सेड्रिक : बरं. उद्या ड्रमवर बसतो मी. गिटारशिवाय जे होईल ते होईल. काकूला सांग, चुकलं माझं. तिनंच पाठवलं ना तुला?

आत्या : ती कशाला पाठवते? नवरा गेल्यापासून रीतीप्रमाणे तिचं बोलणं बंद, सगळं हातांच्या खुणांनी. मीच उठून आले.

सेड्रिक : काहीच खूण केली नाही तिनं?

आत्या : केली. पट्टी बांधून झाली तरी तुझं वाजवणं चालूच होतं. ती ऐकत बसली. मग मला हातानं विचारलं, तो जेवलाय का.

सेड्रिक : कोण, मी?

आत्या : तू नाही रे.

सेड्रिक : मग तू काय सांगितलंस?

आत्या : जेवला म्हणून सांगितलं.