प्राचीच्या लॅपटॉपवर माझं नाव

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या घाटकोपरच्या चाळीतली प्राची यंदा कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला लागली. मी नववीतच शाळा सोडून मामाच्या पंखे दुरुस्तीच्या दुकानात बसलो. पूर्वी ती संध्याकाळी दुकानात येऊन माझ्याशी गप्पा मारायची. हल्ली येते, पण तिच्या बोलण्यात नुसता साहिल असतो. साहिल म्हणजे तिचा लॅबमधला पार्टनर. रोल नंबर शेजारचे, म्हणून दोघांना एकच मशीन मिळालंय.

परवा तिने लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत 'साहिल, साहिल, साहिल'.

"हे काय गं?"

"अरे, लूप शिकवला ना आज. आपण एकदा लिहायचं, मग मशीन तेच पुन्हा पुन्हा छापतं. पार्टनरचं नाव टाका, असं मॅडमच म्हणाल्या."

"मग आता माझं टाक ना," माझ्या तोंडून निघून गेलं. कान तापले.

"जळतोस काय रे?" म्हणत तिने 'सुहास' टाइप केलं. साहिलचं नाव पानभर येऊन थांबलं होतं, माझं मात्र थांबेचना. मी मनात म्हटलं, झकास!

"वाट लागली! थांबायची अट चुकून खोडली मी. हँग होईल हा!" तिने घाईघाईने साहिलला फोन लावला.

"कंट्रोल धरून सी दाब," तो म्हणाला.

तिने दाबलं. तिच्यासमोर सुसाट धावणारं माझं नाव त्या पठ्ठ्याने घरबसल्या बंद केलं. वर ती त्याला म्हणते कशी, "थँक्यू यार, वाचवलंस!"