दगड मोठ्यानं वाचा, सर

माझा जन्म कधीचा म्हनून विचाराल तर सरकारदरबारी एक जूनचा, आनि खरा कधीचा ते माझ्या आईलाबी सांगता येत न्हाई. ती एवढंच सांगती की बहात्तरचा दुष्काळ पडला, मानसं सुकडी खाऊन दिवस काढत हुती, तवा तू पोटात हुतीस, आनि शाळेची विहीर कमरेच्या खाली गेली तवा तू झोळीत हुतीस. श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव, आता चहूबाजूनं ऊस दिसतो पन तवा नुसती कुसळं हुती, आनि आमची बौद्धांची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. बाप विहिरीत उतरून सुरुंगाची भोकं पाडायचा, आई मातीची पाटी वर फेकायची, आनि मी काठावरच्या लिंबाला टांगलेली. सरकारी दुष्काळी काम हुतं ते. लिहून घ्या, सरकारी. कुना पुढाऱ्याच्या खिशातलं न्हवतं.

आता ती एक जूनची गंमत सांगते. आमच्या गावात पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच संस्थेची शाळा. बापानं मला नेलं तवा तिथं एक तरुन मास्तर रजिस्टर घेऊन बसलेले, पुढं तेच हेडसर झाले, म्हनून मी त्यांना हेडसरच म्हनते. जन्मतारीख काय म्हनले. बाप म्हनला, साहेब, दुष्काळातली हाय. मग त्यांनी मला डोक्यावरनं हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, माझ्या बोटाला कान लागला, तर म्हनले झाली सहा वर्षांची, आनि लिहिलं एक जून बहात्तर. एक जूनच का, तर शाळा जूनला सुरू हुती, वयाचा हिशेब बसतो. अर्धं गाव असं एका दिवशी जन्मलेलं हाय आमचं.

विहिरीवर दगड बसवलेला. संस्थापक आबासाहेब यांनी स्वखर्चाने सन १९६९ साली ही साठ फूट खोल विहीर खोदून शाळेस अर्पण केली. हा मजकूर कोनी जुळवला, तर त्याच मास्तरांनी, त्यांचं अक्षर लई देखनं ना, म्हनून.

मी आठवीत असताना हेच सर इतिहासाला. एकदा तासाला म्हनले, आपल्या गावातल्या थोर कार्याचं एक उदाहरन सांगा. कोनीतरी आबासाहेबांची विहीर म्हनलं. मी उठून उभी राहिले, म्हनलं सर, ती विहीर माझ्या बापानं खनली. सर हसले, हसून म्हनले, तुझ्या बापानं खनली व्हय? मग तुझा बाप तिचं पानी पिलाय का कधी? सगळा वर्ग हसला. पिला न्हवता, पिऊ दिलं न्हवतं, विहिरीला पानी लागलं त्या दिवसापासनं आमच्या वस्तीचा घडा तिच्यात पडला न्हाई, आनि हे त्या मानसाला म्हाईत हुतं, म्हनून तर विचारलं. तेवढ्यावर भागलं न्हाई. मला विहिरीवर नेलं आनि सगळ्या शाळेसमोर तो दगड दहा वेळा वाचायला लावला. मोठ्यानं वाच म्हनले. आवाज बसला की परत, मोठ्यानं. दहाव्या वेळेला मी स्वखर्चाने म्हनले तवा मनात ठरवलं की ह्या मानसाला मी एक दिवस हाच दगड मोठ्यानं वाचायला लावीन. हे मी कोनाला सांगितलं न्हाई, बापालाबी न्हाई.

पुढं नगरला कॉलेज केलं, तिथं संघटनेत गेले, पत्रकं लिहायला शिकले. जाहीर निषेध, धिक्कार असो, एका पानावर किती उद्गारचिन्हं बसतात ते मला विचारा. बी.एड. झालं, आनि आमच्याच शाळेत राखीव जागा किती वर्षं रिकामी पडलेली, भरावीच लागली, तर मला घेतलं. हेडसर ऑर्डर हातात देताना म्हनले, जुनं सगळं विसरून काम करायचं बाई. मी म्हनलं, व्हय सर. मनात म्हनलं, विसरायला आलेच न्हाई मी.

इतिहास म्हंजे काय चाललेलं आमच्याकडं? गाईड उघडायचं, कारनं द्या, टिपा लिहा, पोरं पोपटासारखी म्हनायची. शाळेला आबासाहेबांनी एक कंप्युटर दिलेला, त्याला झालर लावलेलं कापड, वर हार, खोलीबाहेर चपला काढायच्या. मी एकदा विचारलं, सर, पोरांना दाखवू का? तर म्हनले, तो संस्थेचा हाय बाई, खराब करायला न्हाई.

मग नव्व्यान्नव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नगरला सायबर कॅफेत गेले. प्रशिक्षनात एक बाई म्हनल्या हुत्या की परदेशातले मास्तर आपले पाठ इंटरनेटवर टाकतात, कोनीबी बघावं. कॅफेवाला म्हनला, ताई, निकाल बघायचाय का नोकरीचा अर्ज? म्हनलं, इतिहास शिकवायचाय. तो बघतच राहिला, म्हनला, इथं कोनी इतिहासाला येत न्हाई. दीड तास बसले. एकेक पान वरनं खाली असं उतरायचं जसं पोहऱ्यातनं पानी झिरपावं. शेवटी कुठल्या तरी इंग्रजी शाळेचं पान सापडलं, सातवीच्या पोरांना जुनं पत्र कसं वाचायचं त्याचं. त्यात उत्तर एकबी न्हवतं, नुसते प्रश्न. हे कोनी लिहिलं? कधी लिहिलं, तवाच का नंतर? कशासाठी लिहिलं? चौथा प्रश्न छापायच्या आधी लाईट गेली. तीन प्रश्न घेऊन मी एस.टी.त बसले, आनि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. आमी पत्रकात सगळी उत्तरंच छापत हुतो, लोक वाचून चुरगाळून टाकत हुते. इथं प्रश्न हुता आनि प्रश्न चुरगाळता येत न्हाई. म्हनलं, सापडलं हत्यार.

आठवीच्या वर्गाला मी ते तीन प्रश्न फळ्यावर लिहून दिले. मनीषा म्हनून एक पोरगी, बागायतदाराची, जिभेला हाड न्हाई तिच्या, पहिल्याच दिवशी म्हनली, बाई, हा तुमचा कागद तरी कोनी लिहिलाय? म्हनलं, एका परदेशी मास्तरनं. तर म्हनली, तुमी बघितलंय का त्याला? वर्ग खिदळला. मला राग आला आनि आनंदबी झाला.

मग पोरांना सोडलं विहिरीच्या दगडावर. दगड कोनी लिहिला, आबासाहेबांच्या मानसानं. कशासाठी, नाव व्हावं म्हनून. कधी, तर एकोनसत्तर. पोरं घरोघर विचारून आली. आमच्या वस्तीतलं, मराठ्यांच्या आळीतलं, एकेक म्हातारं मानूस म्हनलं, विहीर दुष्काळातली. आईनं माझी झोळीची गोष्ट सांगितली. मी पोरांना म्हनलं, आता पक्का पुरावा. शाळेचं रजिस्टर. त्यात बाईंचा जन्म बहात्तरचा, आनि बाई तर विहिरीवर झोळीत हुत्या. मग विहीर एकोनसत्तरची कशी? सव्वीस जानेवारीला आबासाहेब झेंड्याला येनार, तवा प्रदर्शनात हाच तक्ता मांडायचा. इतक्या वर्षांनी माझा दिवस उजाडत हुता.

आनि आदल्या दिवशी ती मनीषा उठली. बाई, मग रजिस्टरलाबी तेच तीन प्रश्न विचारायला पायजेत ना? तुमचा वाढदिवस एक जून, माझ्या आईचा एक जून, चुलत्याचा एक जून. सगळी गाभन एकाच दिवशी मोकळी झाली का? वर्ग पोट धरून हसला. माझ्या तोंडात आलं, गप बस. अगदी ओठापर्यंत आलं. आनि ते शब्द माझ्या आवाजात न्हवते हो, हेडसरांच्या आवाजात हुते. मी खुर्चीवर बसले. हिला तक्त्यावरनं काढलं तर दुसऱ्या कोनाला उभं करता येईल, बदला पुरा हुईल. आनि हिला बोलू दिलं तर माझा पक्का पुरावा सगळ्यांसमोर फुटनार, परत तो मानूस हसनार. खरं सांगते, मला दुसरीच पोरगी उभी करायची हुती. पन ती पोरगी माझ्याकडं बघत उभीच राहिली, मी आठवीत उभी हुते तशी. म्हनलं, मनीषा, उद्या तूच बोल. हेबी बोल.

सव्वीस तारखेला झेंडा झाला. आबासाहेब, काठी टेकत, मागं हेडसर, मागं सगळं गाव वर्गात आलं. बाप माझा दाराशी, टोपी हातात. मनीषानं सगळं धडाधड सांगितलं. हेडसर लाल झाले, म्हनले, म्हाताऱ्यांच्या बोलन्याला इतिहास म्हनत न्हाईत, लेखी पुरावा काय? तिनं रजिस्टरातला उतारा पुढं केला. सर, हे अक्षर तुमचं ना? म्हनले, माझंच. मग ही तारीख खरी का? म्हनले, शाळेचं दप्तर हाय, खोटं कसं असंल? ती म्हनली, मग बाई बहात्तरच्या, आनि विहिरीवर झोळीत हुत्या, मग दगड खोटा. तवा त्यांना कळलं पाय कुठं पडला. म्हनले, अगं, त्या तारखा आपल्या अंदाजानं लिहीत हुतो आमी, कान धरून. मनीषा म्हनली, मग सर, रजिस्टर तुमी लिहिलं ते अंदाजानं, आनि दगडबी तुमीच लिहिला. तो कुनाचा कान धरून लिहिला?

हेडसर आबासाहेबांकडं बघायला लागले, आता हे सावरतील म्हनून. आनि आबासाहेब काय म्हनले म्हाईत हाय का? म्हनले, मी कुठं साल सांगितलं हुतं? मास्तरनीच घातलं असंल. तीस वर्षं ज्याच्या मागं झूल धरून चालले, त्यानं भर गावात एका वाक्यात सोडून दिलं.

मला कीव यायला पायजे हुती. आली न्हाई. मी म्हनलं, सर, चला विहिरीवर, दगड वाचून दाखवा पोरांना. सगळी पोरं निघालीच. हेडसरांनी वाचलं, पुटपुटत. मी म्हनलं, सर, मोठ्यानं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आनि मला दिसलं, त्यांनाबी तो दिवस आठवला. परत वाचलं, मोठ्यानं. स्वखर्चाने म्हनताना आवाज चिरकला. साठ फूट म्हनले तवा मागनं माझा बाप पहिल्यांदा बोलला, मास्तर, साठ न्हाई, बावन्न. बावन्नला पानी लागलं, मीच हुतो खाली.

मला मेमो आला, मग बदली, संस्थेच्या पार शेवटच्या वाडीवरच्या शाळेत. दोन एस.टी. बदलून जाते, तिथल्या पोरांनाबी तेच तीन प्रश्न देते, आनि चौथा आमचा आमी घातला, हेच प्रश्न तुमच्या बाजूच्या कागदाला विचारले का? इतकी वर्षं झाली, दगड अजून तिथंच हाय. मनीषाची पोरं त्याच्यावर खडूनं बावन्न लिहितात, शिपाई पुसतो, परत लिहितात. हेडसर कवाच रिटायर झाले, घर विहिरीसमोरच. माफ केलं का म्हनता? न्हाई केलं, आनि तसंच लिहा. पन वाईट चिंतत न्हाई मी. माझा तर आशीर्वाद हाय त्यांना, शंभर वर्षं जगा सर, डोळे शाबूत राहू द्या, आनि रोज सकाळी दार उघडलं की पहिलं तेच दिसू द्या.