एका दिवसात दोनदा

रक्त देऊन झालं, तरी बाकावर बसलेल्या मास्तरीणबाई दंडावरचा कापूस दाबत रेंगाळल्या. खिडकीशी एका आजोबांची लॅबवाल्या बाईंशी जुंपली होती, आणि लॅबच्या नोंदींचा नवा प्रोग्रॅम लिहिणारा त्या लॅबवाल्या बाईंचा जावई कॉम्प्युटरपुढे मान घालून बसला होता.

“आजोबा, तुमची आजची नोंद झालीय. कॉम्प्युटर दुसरी घेत नाही.”

“ती सकाळची, उपाशीपोटीची. आता जेवून आलोय. साखरेचे दोन्ही आकडे बघितल्याशिवाय डॉक्टर उद्या डोळ्याला हात लावायचे नाहीत.”

“जावईबापू, ऐकलंत?”

“आई, पेशंटचा नंबर आणि तारीख मिळून नोंद ओळखायची एक किल्ली केलीय. तीच जोडी पुन्हा चालत नाही. नुसता नंबर ठेवला असता, तर माणूस जन्मात एकदाच आला असता!”

“वा! म्हणजे मला दिवसातून एकदा येऊ देता, हे उपकारच म्हणायचे,” आजोबा म्हणाले.

“सकाळची नोंद पुसू का?”

“आणि मी उपाशी राहिलो ते काय तुमच्या हौसेखातर?”

“अहो जावईबापू, त्या किल्लीत तपासणीचं नावही घाला की! उपाशीपोटीची वेगळी, जेवणानंतरची वेगळी,” बाकावरून मास्तरीणबाई म्हणाल्या.

“...घातलं. आई, घेतली नोंद!”

“या आजोबा, बाही वर करा. पण जेवून दोन तास झाले ना? त्याआधी चालत नाही.”

“आलो तेव्हा पावणेदोनच तास झाले होते, उरलेला पाव तास या भांडणात भरला. देवाला तुमच्या जावयाचा प्रोग्रॅम ठाऊक असणार, म्हणून तर मला लवकर धाडलं!”