उसनं ऊन

फोटोवाली : आता त्या कपाटावरचे डबेपण खाली घ्या, आजोबा. रिकामं दिसलं की मोठं दिसतं.

तात्या : रिकामेच आहेत ते.

फोटोवाली : डबे नाही हो, घर.

तात्या : घर तर डब्यांहून रिकामं आहे. थांब, स्टूल आणतो.

फोटोवाली : तुम्ही नका चढू. मी घेते. आणि खिडकीतल्या औषधाच्या बाटल्या, दोरीवरचा टॉवेल, हे शिलाई मशीन, सगळं आतल्या खोलीत जाऊ दे.

तात्या : बाटल्या नेतो, टॉवेल नेतो. हवं तर मीपण आत जाऊन बसतो. मशीन राहील.

फोटोवाली : त्यानं खिडकीखालची सगळी जागा अडते.

तात्या : माझ्या बायकोचं आहे. ती येईपर्यंत ते जागचं हलणार नाही.

फोटोवाली : आजी येणार आहेत?

तात्या : नाही.

फोटोवाली : बरं, राहू दे मशीन. पण मला खरी काळजी उजेडाची आहे. सकाळचे नऊ वाजून गेले आणि खोलीत मला माझा हात नीट दिसत नाहीये.

तात्या : ऊन येईल. आमच्या गल्लीत सूर्य जरा बिचकत येतो. एकदा जोरात शिरला तर मध्येच अडकला. वळायला जागा नाही, बिचारा उलट्या पावली परत गेला. तेव्हापासून अंदाज घेऊन येतो.

फोटोवाली : तासभर तुम्ही हेच सांगताय. आधी म्हणालात, ढगामागं आहे. मग म्हणालात, कोपऱ्यावर चहाला थांबलाय. बाहेर लख्ख ऊन आहे, आजोबा. मला पुढच्या कामाला जायचंय.

तात्या : तुझ्याकडं दिवे आहेत ना?

फोटोवाली : आहेत. लावले की खोली दवाखान्यासारखी दिसते. तुमच्या एजंटनं आधी काढलेले फोटो मी बघितलेत.

तात्या : ते? चोरी झाल्यावर पोलीस काढतात तसे होते. भिंतीवर माझी सावली, हात वर केलेली.

फोटोवाली : आणि त्यानंतरचे कॉम्प्युटरवर उजळलेले.

तात्या : ते सुंदर होते. मलाच इथं राहायला यावंसं वाटलं. माणसंही आली, चपला काढायच्या आधीच वळली. एक बाई म्हणाली, फोटोतलं घर दाखवा.

फोटोवाली : म्हणून सांगते. एजंट मला काय म्हणाला माहितीये? हे शेवटचे फोटो. यावरही कुणी आलं नाही तर खालची 'घर विकणे आहे'ची पाटी काढतो, पत्रकंही छापत नाही.

तात्या : असं म्हणाला?

फोटोवाली : तुम्हाला सांगू नको म्हणाला होता. आता खरं सांगा, या खोलीत ऊन येतं की नाही?

तात्या : येतं. थेट येत नाही. समोरची ती बंद खिडकी दिसते? वहिनींची. तिची काच उघडली की ऊन तिच्यावर आपटतं आणि इकडं येतं. बायको त्याच उजेडात शिवायला बसायची. सगळा संसार तेवढ्यावर शिवला तिनं.

फोटोवाली : म्हणजे तुमचं ऊन उसनं आहे.

तात्या : उसनंच. रोज सकाळी यायचं, न मागता. खाली विकण्याची पाटी लागली त्या दिवसापासून खिडकी बंद आहे.

फोटोवाली : मग हाक मारा ना त्यांना. गल्ली केवढीशी, इथून हात लांब केला तर त्यांच्या खिडकीला लागेल.

तात्या : हाक मारणं सोपं आहे. ओ द्यायला नको का? ... वहिनी. ओ वहिनी. काचेमागं उभ्या आहात, दिसताय मला.

वहिनी : दिसत असेन तर बघा आणि गप्प बसा.

तात्या : खिडकी जरा उघडता? बिजागऱ्यांना गंज धरेल.

वहिनी : माझ्या बिजागऱ्या मी बघीन. फटीतून ऐकू येतंय तेवढं पुरे आहे.

तात्या : एक गंमत आहे. ही पोरगी एका मोठ्या मासिकाकडून आलीये. तुमच्या खिडकीचा फोटो मुखपृष्ठावर घेणार आहे.

फोटोवाली : मी कुठल्याही मासिकाकडून आले नाहीये.

वहिनी : ऐकलंत, भावजी? परक्या पोरीला तुमच्या थापा तासाभरात कळल्या. मला तर तुमचा एकेक दाणा पाखडून घ्यायची सवय आहे.

फोटोवाली : काकू, मी घराचे फोटो काढायला आलेय. दहा मिनिटं काच उघडलीत तर यांचं काम होईल.

वहिनी : काय काम होईल, बाळ? घर विकलं जाईल. म्हणजे हे जातील. वरच्या मजल्यावरचे गेले, कोपऱ्यावरची मास्तरीण गेली, खालचा इस्त्रीवाला गेला. जाताना सगळे म्हणाले, येत जाऊ. मी माझ्याच हातानं यांना ऊन दाखवून गाडीत बसवू?

तात्या : मीपण येत जाईन, वहिनी.

वहिनी : बघा, आलं की नाही तेच वाक्य? आणि घाई कसली आहे हो एवढी? तुमची बायको लेकीकडं मजेत आहे. पाटी लागायच्या आदल्याच दिवशी सांगितलंत, तिनं बाग लावली, भोपळा एवढा मोठा आला की शेजाऱ्यानं तो पोखरून त्यात सायकल ठेवली. भोपळ्यात सायकल ठेवणाऱ्या बाईला तुमची काय गरज?

तात्या : दोन सायकली.

फोटोवाली : आजोबा, ऊन सरकतंय. त्यांच्या काचेच्या पार कडेला पोचलंय. नंतर उघडूनही उपयोग नाही.

तात्या : वहिनी, पाया पडतो.

वहिनी : पडा. वाकलात की उठवायला कोण आहे तिकडं?

तात्या : वहिनी, ती मला फोनवर विचारते, कोण बोलतंय.

वहिनी : हे बघा, तिच्यावरून थट्टा नको.

तात्या : आधी एखाद्या दिवशी विचारायची. आता रोज विचारते. मी नाव सांगतो. ती हो हो म्हणते, पण ते मला वाईट वाटू नये म्हणून.

वहिनी : आणि तो भोपळा?

तात्या : भोपळा नाही. बागही नाही. लेकीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. त्यांनाच कूस बदलता येत नाही, मी कुठं पडू? शेजारची खोली मिळतेय, हे घर गेलं तर. तो मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. पुढं नाही.

वहिनी : मला का नाही सांगितलंत?

तात्या : तुम्ही रोज विचारायचात, कशी आहे. सांगता सांगता माझाच जरा विश्वास बसायचा. रोज तिच्या डोळ्यांसमोर राहिलो, तर नवरा म्हणून नाही, निदान रोजचा माणूस म्हणून तरी ओळखेल. अजून थोडे दिवस गेले तर तेही नाही.

फोटोवाली : आजोबा, तुम्ही बसा जरा. स्टुलावर नको, इथं बसा.

तात्या : तुमची खिडकी मात्र आठवते तिला. काल म्हणाली, समोरच्यांनी उघडली का बघा, मशीनवर बसायचंय.

वहिनी : काल म्हणाली?

तात्या : काल. हे मी रचलेलं नाही.

वहिनी : सरका बाजूला.

(समोरची खिडकी करकरत उघडते. उजेडाचा एक चौकोन भिंतीवर चढतो, हलतो, आणि मशीनकडे उतरू लागतो.)

फोटोवाली : अजून थोडी, काकू. डावीकडं. नाही, माझ्या डावीकडं.

वहिनी : मला नको शिकवू. किती उघडायची ते तिनंच शिकवलंय मला. उन्हाची कड मशीनच्या चाकावर आली की थांबायचं. आली का?

तात्या : आली.

वहिनी : खिडकीचा आकडा तुटलाय. हातानं धरून उभी आहे, तेव्हा हात भरून यायच्या आत उरका.

फोटोवाली : धरा तशीच. हा झाला. आता दारातून एक. आजोबा, पाय आत घ्या. मशीन छान दिसतंय, बरं झालं ठेवलं ते. अजून एक. झालं, काकू.

वहिनी : नीट आले का बघ. नसले तर पुन्हा धरते.

फोटोवाली : चांगले आलेत. आता पत्रकासाठी दोन ओळी हव्यात. सकाळचं ऊन येतं, असं लिहू का? माणसं बघायला येतील आणि खिडकी बंद असेल, तर पुन्हा मागच्यासारखंच व्हायचं.

तात्या : ते मी काय सांगणार? ज्यांचं ऊन त्यांना विचार.

वहिनी : लिही. बघायला कोण कधी येणार ते मला आधी खिडकीतून सांगायचं, म्हणजे झालं. आणि जे राहायला येतील त्यांनाही मिळेल. मी आहे तोवर.

फोटोवाली : 'मी आहे तोवर' लिहायचं नाही ना?

वहिनी : तेवढं गाळ.

तात्या : पोरी, एक जास्तीचा काढशील? पत्रकासाठी नको. वहिनींचा, अशाच खिडकीत उभ्या. तिला दाखवायला नेईन.

वहिनी : काहीतरीच. केस बघा माझे.

फोटोवाली : इकडं बघा, काकू. हात काढू नका काचेवरचा. झाला.

वहिनी : भावजी.

तात्या : हं.

वहिनी : तिनं फोटोत मला ओळखलं आणि समोर बसलेल्या तुम्हाला नाही ओळखलं, तर?

तात्या : तर सांगेन, या बाईंच्या समोर राहायचा, तो मी.