पोशाची खांड

ऐका. आणि तो मोबाईल आधी खिशात घाला. उद्यापासून उधाण हाय, बांध राखायची पाळी तुमची हाय, म्हणून सांगतोय. गंमत म्हणून नाय.

चांगा ठाऊक हाय ना? उजव्या हाताची दोन बोटं नसलेला? मळणीत गेली असं सांगायचा सगळ्यांना. खोटं! बोटं कशी गेली ते त्यानं मला एकट्याला सांगितलं.

कोजागिरीची रात्र. भात पिकून लाल झालेलं. आणखी आठ दिवसांत कोयती लागणार. आणि चांगा घरी बसून काय करत होता? कोळंबी खात होता! ताजी, बोटाएवढी. त्याची बायको ठकी तव्यावरून वाढता वाढता सहज म्हणाली, "एवढी कोळंबी घावली कुठं?"

"उघाडीत," चांगा म्हणाला. आणि घास तोंडातच राहिला.

का राहिला? सांगतो. उघाडी म्हणजे आपल्या बांधाचं दार. ओहोटीला झडप आपोआप उघडते, शेतातलं पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीच झडप दाबून लावते. देवानं दिलेलं दार हाय ते. पण जिभेला चटक लागली की माणूस देवाचंपण ऐकत नाय. चांग्यानं दुपारच्या भरतीला झडपेत बांबूचा खुंटा अडकवला. खारं पाणी आतल्या चरात, कोळंबी चरात, पुढं जाळं. संध्याकाळी जाळं काढलं, टोपली भरली, बेटा खुशीत घरी आला. आणि खुंटा तिथंच!

पुनवेची भरती मध्यरात्री. उधाणाची! एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या सालचं भात गेलं, आणि पुढं तीन सालं गवतसुद्धा धड येत नाय. एकट्या चांग्याचं नाय हां. अख्ख्या गावाचं.

तुम्ही म्हणाल, गावाला हाक का नाय मारली? मारली असती तर विचारलं असतं ना, खुंटा कुणाचा? उधाणाला झडप अडवणारा माणूस जोळीतनं बाहेर. जोळ म्हणजे बांध राखणारी माणसं, घरटी एक. जोळीतनं बाहेर काढलेल्याचा बांध फुटला तर मातीचं ढेकूळ घेऊनपण कुणी येत नाय. म्हणून चांगा गप उठला. फावडं घेतलं खांद्यावर. "जरा बांधावर जाऊन येतो," म्हणाला, आणि निघाला. एकटा.

चांदणं असं की सुई पडली तर दिसावी. वारा नाय. पहाऱ्याची माणसं पार उत्तरेच्या टोकाला, तिकडे बांध कच्चा होता. इकडे चिटपाखरू नाय.

थोडं पुढं गेला तर समोर एक माणूस. त्याच्याही खांद्यावर फावडं. कमरेपर्यंत ओला.

"कोण रं?" चांग्यानं विचारलं.

"पाळीचा माणूस."

चांग्याला बरं वाटलं. सोबत झाली. तो माणूस मागं न बघताच म्हणाला, "तंबाखू हाय?" चांग्यानं चिमूट काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. तळवा गार, आणि तळव्यावर चिखल. नुसता चिखल लागलेला नाय रे, चिखलाचाच तळवा! चांग्यानं हात मागं ओढला, वर बघितलं. बांधावर कुणी नाय.

तेवढ्यात मागनं ओरड आली, "खांडऽऽ! खांड गेलीऽऽ!"

बांध फुटला की त्याला आपण खांड म्हणतो, हे काय तुम्हाला सांगायला नको. ही ओरड ऐकली की खाटेवरचा आजारी उठून धावतो. आपल्या रक्तातच हाय ते. चांगापण धावला! आला त्याच वाटेनं उलटा, जीव खाऊन, पार वडाच्या वळणापर्यंत. आणि बघतो तर बांध जसाच्या तसा. साधी भेगसुद्धा नाय. खाडी मात्र हातभर वर आली होती. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की कुणीतरी आपला वेळ खातंय.

परत फिरला. पळतोय, पळतोय. तर आता भाताच्या बाजूनं बाईचा आवाज. "मी चिखलात रुतले होऽ! चांगाऽ, मला काढ रंऽ!" हुबेहूब ठकी! त्याचा एक पाय बांधाखाली उतरलापण. आणि मंग डोक्यात उजेड पडला. बावीस वर्षांच्या संसारात ठकीनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं होतं? मरताना नसतं घेतलं तिनं! त्यानं कानात बोटं घातली आणि धूम ठोकली.

आता हा कोण, ते ऐका. आणि मध्ये बोलू नका.

त्या कोजागिरीच्या चौदा सालं आधी उघाडीच्या बाजूलाच खांड गेली होती. पाच हात रुंद. पाण्याचा जोर असा की टाकलेली माती टिकेना. तेव्हा पोशा म्हणून आपल्यातलाच एक, अंगानं दांडगा, तो खांडीत आडवा झाला. पाठ लावली पाण्याला. "टाका माती," म्हणाला, "मी धरतो." आम्ही टाकली. हो, आम्ही! मी चोवीस वर्षांचा होतो. कुणी म्हणतं अंधारात कळलं नाय. सगळं खोटं! "थांबा, थांबा," असं तो ओरडला, ते मी ऐकलं. माझ्या पाटीत माती होती, आणि मी ती टाकली. थांबलो असतो तर बांध गेला असता. सकाळी पोशा नव्हता. उकरायचं कुणी नाव काढलं नाय, कारण मागं खाडी उभी होती आणि पुढं भात उभं होतं.

तर चांगा उघाडीपाशी पोचला. पाणी चरात घुसतंय, घळघळ घळघळ, शेतावर चढायला वीतभरच बाकी. उतरला पाण्यात, कमरेपर्यंत. खुंट्याला हात घातला. ओढतो, हलेना. पुन्हा ओढतो, हलेना. आतल्या बाजूनं कुणीतरी खुंटा धरलाय!

"सोड रं!" चांगा ओरडला.

"तू सोड," आतनं आवाज आला. "येऊ दे पाणी. बांध फुटल्याबिगर मी सुटत नाय."

आई एकवीरेचं नाव घेतलं आणि चांग्यानं फावड्याचा घाव घातला खुंट्यावर. एक, दोन, तीन. खुंटा कडकन मोडला. झडप अशी आदळली की चांग्याची दोन बोटं तिथंच राहिली. बांध चढून शेताच्या बाजूला आला, पण ओरडायलापण सवड नाय मिळाली, कारण तिथं बांध पाझरायला लागला होता. मनगटाएवढं भोक. आणि त्या भोकातनं हात बाहेर आला. कोपरापर्यंत. त्यानं चांग्याचा घोटा धरला.

"चांगा, मी रं. पोशा. ओढ मला. एवढंच कर, ओढ."

चांगा ढोपरापर्यंत चिखलात गेला. त्याला रडू फुटलं. मला सांगताना म्हातारपणीसुद्धा रडत होता. पोशा त्याचा लांबचा चुलता लागत होता, लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला नेलेलं. हात ओढून काढावा तर भोकाची खांड होणार. शंभर घरांचं भात जाणार. नाय ओढला तर हा आपल्यालाच आत घेणार.

त्यानं रक्ताळल्या हातानं फावडं उचललं. माती घातली. त्या हातावर घातली. एक फावडं, दोन, दहा. बोटं सैल झाली. घोटा सुटला. चांगा घालतच राहिला. आणि अगदी शेवटी मातीखालनं आवाज आला. रागाचा नाय, साधाच. बांधावर आपण एकमेकांना सांगतो ना, तसा.

"पाय देऊन दाब, चांगा. झिरपतंय अजून."

चांगा त्याच्यावर उभा राहिला आणि पायानं दाबत राहिला. भरती ओसरेपर्यंत.

भात वाचलं. असं भात मंग कधी आलं नाय. घरोघरी नव्या तांदळाचा वास सुटला. उन्हाळ्यात चांगा जोळीपुढं उभा राहिला, म्हणाला, पोशाला काढू या, नीट अग्नी देऊ या. सगळे खाली बघत बसले. मीपण. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "तिथं बांध कधी गळत नाय. कशाला हात लावायचा?" झाला निकाल.

तर ऐका नीट. उधाणाच्या रात्री उघाडीच्या वाटेनं एकट्यानं जायचं नाय. झडपेत काडीसुद्धा घालायची नाय. मागनं खांडीची ओरड आली तर दुसऱ्या माणसाला विचारायचं, तुलापण आली का? आणि एवढं करूनही मातीतनं हात आलाच, तर तो धरू नका. पण भोक तसंच टाकून पळूपण नका. माती टाका.

मला विचारू नका, तेव्हा त्याच्याशी काय बोलायचं. मला अजून सुचलेलं नाय.