उसनी जीभ

नात : नाही म्हणजे नाही. त्यात हिरवं आहे.

आजोबा : हिरवं काय हिरवं? पालक म्हणतात त्याला. पालकाचं सूप आहे हे.

नात : पालक हिरवाच असतो, आजोबा.

आजोबा : बरं, डोळे मिट. आता कुठाय हिरवं?

नात : डोळे मिटले तरी पोटात जाऊन ते हिरवंच राहणार.

आजोबा : अगं बटाटेबाई, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभा जन्म गेला माझा. भट्टीवरची माणसं, एकेक पहिलवान, माझ्या सुपासाठी रांगा लावायची. आणि तू? सकाळी उकडलेला बटाटा, दुपारी उकडलेला बटाटा, रात्री वेगळं काय, तर तोच बटाटा कुस्करून! आचाऱ्याची नात म्हणून सांगायची सोय ठेवली नाहीस.

नात : नका सांगू.

आजोबा : एक घास. एकच. हे बघ, विमान आलं... घूंऽऽ...

नात : मी दुसरीत आहे. विमान शिशुवर्गात असतं.

आजोबा : असं? मग दुसरीत काय असतं?

नात : दुसरीत आधी तुम्ही खायचं, मग मी.

आजोबा : एवढंच ना? हा बघ चमचा. अहाहा! काय जमलंय! मीठ तर अगदी बेताचं.

नात : मीठ?

आजोबा : मग! सगळी करामत मिठाची असते, सोने.

नात : पण तुम्ही मीठ टाकलंच नाही. निळ्या झाकणाच्या बरणीतलं टाकलंत. मोठे दोन चमचे. मी ओट्यापाशीच उभी होते.

आजोबा : निळं झाकण मिठाचंच.

नात : निळं साखरेचं. मिठाचं पांढरं. आईने परवा बरण्या धुतल्या आणि बदलली झाकणं.

आजोबा : ...साखर?

नात : दोन चमचे. आणि तुम्ही आत्ता अहाहा केलंत.

आजोबा : ते मी तुझ्यासाठी केलं. मुलांपुढे करावं लागतं असं.

नात : मग तोंड वाकडं का नाही झालं? माझं आपोआप होतं. मी थांबवलं तरी होतं.

आजोबा : तू अभ्यासाला बस बघू.

नात : आजोबा, तुम्हाला कळलंच नाही ना?

आजोबा : हळू बोल.

नात : घरात कोणी नाहीये.

आजोबा : तरी हळू बोल. ये, बस इथे. मला तो ताप आला होता ना, त्यानंतर माझी जीभ जी रजेवर गेली, ती कामावर परत आलीच नाही. वास नाही, चव नाही. तोंडात घातलं की गरम की गार, एवढंच कळतं.

नात : पालक पण लागत नाही?

आजोबा : नाही.

नात : कोबी?

आजोबा : काहीच नाही.

नात : किती मज्जा!

आजोबा : मजा कसली, डोंबलाची! भूकच मेली माझी.

नात : मग आईला सांगा की.

आजोबा : खबरदार! तुझ्या बाबाचं सोड. त्याला पुठ्ठा शिजवून वाढला तरी मोबाइल बघत बघत संपवेल आणि वर ढेकर देईल. पण तुझ्या आईला कळलं, तर ती माझ्या हातातला झारा काढून घेईल. प्रेमानेच घेईल. ‘बाबा, खूप केलंत, आता आराम करा’ म्हणेल आणि पेपर देऊन बसवेल मला खिडकीपाशी. आणि मला दुसरं येतं काय या घरात? बिलं भरता येत नाहीत, तुझं गणित जमत नाही. स्वयंपाक गेला की मी नुसता खुर्चीतला माणूस. भीती वाटते गं मला त्याची.

नात : रडू नका ना.

आजोबा : रडतोय कोण? मघाशी कांदा चिरला.

नात : यात कांदा नव्हता.

आजोबा : तुझ्यापुढे म्हणून काही लपायची सोय नाही! ऐक. तुझा बाबा रात्रपाळीला गेलाय, आई तासाभरात येईल. तेवढ्यात हे ओतून द्यायचं आणि दुसरं सूप करायचं. टोमॅटो आणि भोपळ्याचं. फक्त त्याला एक जीभ लागेल. उसनी.

नात : माझी?

आजोबा : आणखी कोण आहे घरात? आणि तुझी जीभ म्हणजे कोरी करकरीत. वापरलेलीच नाही.

नात : पण मला खायचं नाहीये.

आजोबा : खा म्हणालं कोण? चव बघायची. खाणं वेगळं आणि चव बघणं वेगळं. हे काम आहे. जिभेला टेकवायचं, मला सांगायचं आणि सिंकमध्ये थुंकून मोकळं व्हायचं.

नात : थुंकलं तर कोणी ओरडणार नाही?

आजोबा : ओरडतंय कोण! नीट थुंकायला शिकवीन.

नात : माझ्या अटी आहेत.

आजोबा : बोला वकीलबाई.

नात : घास नखाएवढा. माझ्या नखाएवढा, तुमच्या नाही. विमान नाही. मी ‘शी’ म्हटलं तर तोंड पाडायचं नाही. आणि शाब्बास म्हणायचं नाही.

आजोबा : शाब्बासने तुझं काय घोडं मारलंय?

नात : शाब्बास म्हटलं की लगेच दुसरा घास येतो.

आजोबा : कबूल. सगळं कबूल. चल, तो भोपळा दे इकडे. बिया काढ. हातानेच काढ, चिकट लागल्या तर लागू देत. शाब्ब... टोमॅटो! टोमॅटो दे म्हणत होतो.

नात : मला ऐकू आलं.

आजोबा : शिजू दे आता. तोपर्यंत हे पालकाचं ओत, आणि पातेलं घासून टाकू. पुरावा नको... हं, झालं बघ. चमच्याचं टोक बुडवलंय फक्त. फुंकर मार. काय लागतंय?

नात : लाल.

आजोबा : लाल ही चव नव्हे.

नात : मग नारिंगी.

आजोबा : अगं, रंग मलाही दिसतो. जिभेला काय होतंय ते सांग.

नात : कडेला झिणझिण्या येतायत. आणि एक डोळा मिटतोय.

आजोबा : आंबट! टोमॅटो वरचढ झाला. भोपळा वाढवतो. थुंक तू. आता?

नात : आता काहीच नाही. वहीच्या कागदासारखं.

आजोबा : अळणी. मीठ विसरलो. पांढरं झाकण ना?

नात : पांढरं. थांबा, मीच देते.

आजोबा : हं. आता बघ.

नात : आता... वर्गातल्या बाकाला जीभ लावल्यासारखं.

आजोबा : तू बाकाला जीभ लावलीस?

नात : एकदाच. लोखंडी कडेला. पैज होती.

आजोबा : कमाल झाली! पालक चाखत नाहीस आणि बाक चाखतेस!

नात : बाकाच्या वेळी कोणी मागे लागलं नव्हतं.

आजोबा : ...बरं. बरं बाई. बाकासारखं म्हणजे मीठ जास्त झालं. पाणी घालतो आणि वरून जरासं लोणी. घे.

नात : हं.

आजोबा : हं म्हणजे काय?

नात : थांबा, परत बघते. नीट कळलं नाही.

आजोबा : बघ की. सावकाश बघ.

नात : बाक गेला. आंबट आहे, पण आता रागावलेलं नाहीये.

आजोबा : आणि तू थुंकली नाहीस?

नात : अय्या! विसरले.

आजोबा : ख्खॉक्... ख्खॉक्...

नात : शाब्बास म्हणणार होतात ना?

आजोबा : छे! ठसका लागला.

(दारात किल्ली फिरते.)

आई : हुश्श! आज चष्म्याच्या दुकानात नुसती झुंबड. पाय मोडले उभं राहून. हा वास कसला येतोय?

आजोबा : वास? कसा येतोय? म्हणजे, तुझं मत काय, सूनबाई?

आई : चांगला येतोय. म्हणून तर विचारतेय.

आजोबा : हात धुऊन बसा दोघी. वाढतो.

आई : थांबा, पाण्याचा जग घेऊन येते.

आजोबा : रोज एवढं पाणी कशाला लागतं गं तुला जेवताना?

आई : सवय झालीय... बाबा?

आजोबा : काय? काय झालं? जास्त झालं? कमी झालं?

आई : नाही हो. याला चव आहे!

आजोबा : म्हणजे रोज नसते?

आई : तसं नव्हतं म्हणायचं मला...

नात : आई, तुला माहीत होतं!

आई : काय माहीत होतं?

नात : आजोबांची जीभ रजेवर गेलीय ते.

आजोबा : फितूर! घरातच फितूर!

आई : बाबा, दिवसभर मी लोकांची नजर तपासते. मला घरातलं एवढंही दिसू नये? मागे तुम्ही दह्यात मीठ म्हणून खायचा सोडा घातलात. वाटीत फसफसत होतं ते.

आजोबा : आणि तू खाल्लंस?

आई : अर्धं. उरलेलं कुंडीत ओतलं. त्या झाडाने त्यानंतर मान वर केलेली नाही.

आजोबा : मग तोंड उघडून सांगायचं नाही का?

आई : कसं सांगू? भाजी चिरताना तुम्ही गुणगुणता. सासूबाई गेल्यापासून तुमचा तेवढाच काय तो आवाज येतो या घरात. तो मी बंद करू? माझी छातीच झाली नाही. त्यापेक्षा म्हटलं, सोडा परवडला.

आजोबा : म्हणजे मी तुला घाबरून गप्प, आणि तू...

आई : आणि मधल्यामध्ये ही बिचारी उपा... बाबा, हिचा वाडगा रिकामा कसा?

आजोबा : शू! तिकडे बघू नकोस.

आई : पण त्यात भोपळा होता! हिने भोपळा...

आजोबा : बघू नकोस म्हणतो ना! अटी आहेत तिच्या.

आई : बरं बरं. मी पंख्याकडे बघते.

नात : आई, तू पंख्याकडे बघून हसतेयस.

आई : आज मजेदारच दिसतोय तो. बाबा, उद्या आपण डॉक्टरकडे जायचं. तोवर झारा तुमचा आणि जीभ हिची. चालेल?

आजोबा : चालेल काय, धावेल!

नात : आई, मला अजून वाढ.

आई : अजू... हो, हो. वाढते. मी काही बोलले नाही.

नात : आजोबा, तुमचा वाडगा कुठाय?

आजोबा : मला नको. मी मघाशी पाव खाल्ला.

नात : नाही खाल्लात.

आई : कमरेच्या पट्ट्याला परवा नवं भोक पाडलंत, बाबा, तेही दिसलंय मला. थोडं तरी घ्या.

आजोबा : काय घेऊ गं? गरम पाणी गिळल्यासारखं होतं. तुम्ही चवीने खाताय, आणि मी तुमच्यात बसून नुसता चमचा हलवतो. फार एकटं वाटतं तेव्हा.

नात : इकडे या. माझ्या शेजारी. हा चमचा घ्या, मी पण घेते. दोघांनी एकदम. घेतला?

आजोबा : उं.

नात : इतक्यात गिळू नका, मी सांगते. आधी आंबट येतंय. कडेला, छोटंसं. आता ते गेलं. आता मधोमध भोपळा आलाय. मऊ आहे, गोडसर. मला वाटलं होतं तेवढा काही वाईट नाहीये तो. आता तोही चालला. आता नुसतं लोणी राहिलंय मागे, ते जातच नाहीये... गेलं. गिळा आता.

आजोबा : गिळलं.

नात : कळलं का काही?

आजोबा : पुढचा घास घे, आणि जरा सावकाश सांग.