बाकावर बसवलंय

'आई गं' म्हणालात ना तुम्ही? आत्ता, कपडे धुवायचं मशीन पुढे ओढताना गुडघा आपटला तेव्हा – मी स्वयंपाकघरातून ऐकलं. लपवू नका, मार लागल्यावर माणूस दुसऱ्याच्या भाषेत कळवळत नाही. म्हणजे बघा, अर्धा तास आपण दोघं इथल्या भाषेत 'पाणी चढत नाही', 'नळी बघतो' असं तोडकंमोडकं बोलत बसलोय – आणि तुम्हीही मराठी, मीही मराठी. बसा हो. मशीन कुठे पळून जातंय? चहा टाकलाच होता, त्यात एक कप पाणी वाढवलं, झालं. तुम्हाला दादा म्हणू ना? काका म्हटलं तर रागवाल, केस अजून काळे दिसतायत. बरं, रंगवलेले असले तरी दादाच.

मी? मी फुटबॉल खेळतो. ते पुलापलीकडे मैदान आहे ना, चार खांबांवर मोठाले दिवे असलेलं, त्या क्लबात. गोलकीपर. तुम्ही मला बघितलं नसणार आणि त्यात तुमची काही चूक नाही – दर शनिवारी तिकीट काढून येणाऱ्यांनीही नाही बघितलं. तिसरं वर्ष चालू आहे. पहिला गोलकीपर आहे तो उंचच्या उंच, मी त्याला शिडी म्हणतो, तोंडावरच म्हणतो, त्याला कुठे कळतंय. तर शिडी खेळते आणि मी बाकावर बसतो. मॅचच्या आधी मी शिडीला चेंडू मारून द्यायचे, तिने अडवायचे, मग शिट्टी वाजली की जाड कोट घालून नव्वद मिनिटं बसायचं. हातमोजे मात्र घालून हं. नाही, धावणारे दमतात, त्यांना बदलतात – गोलकीपर कशाला दमतोय? पहिला पडल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर लागत नाही, आणि शिडी काही पडायचं नाव घेत नव्हती.

सगळा घोळ या बाकाने केला. आमचे बाबा शाळामास्तर, मराठीचे. घरात इंग्रजी शब्द तोंडातून गेला की चष्म्यावरून बघायचे – 'याला आपल्याकडे शब्द नाही का?' तर पहिल्या वर्षी फोनवर त्यांनी विचारलं, खेळतोस ना रे. मी म्हटलं, सध्या मला बाकावर बसवलंय. 'राखीव' म्हणायला हवं होतं, ते वेळेवर सुचलं नाही. आणि ज्या माणसाने छत्तीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलंय, त्याला असं सांगितल्यावर तो काय समजणार? 'काय केलंस तू?' एवढंच म्हणाले. मी हसलो, म्हटलं, काहीच नाही केलं. 'सगळे हेच म्हणतात,' म्हणाले आणि फोन ठेवला.

घ्या ना बिस्कीट. मऊ पडलंय जरा, पुडा बरेच दिवस उघडा आहे, एकट्याला संपत नाही – तर त्यानंतर तीन आठवड्यांनी कोचने मला खोलीत बोलावलं. टेबलावर पत्र. पाकिटावरचा पत्ता माझ्या ताईच्या हातचा, पण आत बाबांचं अक्षर, शाईचं, फळ्यावर लिहितात तसं एकेक सुटं. कोच म्हणाला, तुझ्या भाषेतलं दिसतंय, वाच. मी वाचलं. अजून तोंडपाठ आहे. 'माननीय महोदय, माझ्या चिरंजीवांच्या हातून काही आगळीक घडली असल्यास पिता या नात्याने मी आपली क्षमा मागतो. मुलगा वाईट नाही. झाली तेवढी शिक्षा पुरे मानून त्याला इतर मुलांमध्ये घ्यावे, ही नम्र विनंती.' शाळा तपासायला साहेब आले तरी खुर्ची न सोडणारा माणूस हो हा. आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नाही, आईपुढेसुद्धा नाही. आणि माझ्यासाठी, न केलेल्या चुकीसाठी, ज्याला कधी बघितलं नाही अशा माणसाची क्षमा मागतोय.

मग काय, खरं सांगितलं? कसं सांगणार? कोच हसला असता – आणि बाबांना कुणी हसलेलं मला चाललं नसतं. मी म्हटलं, वडिलांनी संघाला आशीर्वाद पाठवलाय. कोचचे डोळेच भरून आले. पत्राला काच लावून त्याने ते ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर टांगलं आणि त्या शनिवारी आम्ही तीन गोलांनी जिंकलो. झालं! तेव्हापासून अकराच्या अकरा जण मैदानात उतरताना त्या काचेला हात लावून जातात. शिडी तर कपाळ टेकवते. आणि जिंकणारा संघ कुठला शहाणा कोच बदलतो? मला बाकावरून सोडवायला लिहिलेल्या पत्रानेच मला बाकावर पक्कं बसवलं. हसा, हसा, मीही हसायचो पहिल्यांदा.

आता म्हणाल, बाबांना तरी सांगायचं. नाही ना सांगितलं. त्यांनी विचारलं, पत्र पोचलं का, साहेब काय म्हणाले. आवाज इतका लहान झाला होता त्यांचा – म्हटलं, साहेबांनी माफ केलं, आता खेळवतात. एक खोटं बोललो की त्याची पिलावळ सांभाळावी लागते. दर रविवारी फोन, किती गोल झाले, किती खाल्लेस. आमच्या मॅचा इथल्याच टीव्हीवर दाखवत नाहीत तर तिकडे कुठून दिसणार, तेव्हा मी सांगेन ते खरं. आकडा मी खराच सांगतो, फक्त शिडीच्या जागी मला उभं करतो. एकदा चार गोल झाले. गोल शिडीने खाल्ले, बोलणी मी खाल्ली. 'लक्ष कुठे असतं तुझं?' अर्धा तास. बरं वाटलं, खरं सांगू? कुणीतरी अर्धा तास माझ्यावर ओरडत होतं.

नाही, थांबा, नळी नका काढू एवढ्यात. मुद्द्याचं राहिलंच. काल शिडीचं बोट गाडीच्या दारात चेंगरलं. स्वतःच्या गाडीच्या, स्वतःच्याच हाताने. हाड मोडलंय, सहा आठवडे. मला आनंद झाला – मग लाज वाटली – मग पुन्हा आनंद झाला, आता काय करू. उद्या मी खेळतोय, दादा. तीन वर्षांत पहिल्यांदा. कोचने सांगितल्यावर मी धावत बाहेर गेलो आणि बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, उद्या मी खेळतोय. तर म्हणाले, 'बरं. मग? दर शनिवारी खेळतोसच की. जेवलास का?'

जेवलो, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ताईला सांगावं तर तिलाही तेच माहीत. इथल्यांना सांगावं तर त्यांना माहीतच आहे, त्यांच्या दृष्टीने राखीव माणूस लागला, काढला. जगात एक माणूस नाही ज्याला ही बातमी वाटेल. म्हणजे कालपर्यंत नव्हता – आज तुम्ही आहात. काय म्हणता? नळ? कुठला नळ? हं, तो मागचा. बंद होता? – हो, बंद होता. मीच केला होता सकाळी, मशीन ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात दाराचं कुलूप बघायला माणूस बोलावला, त्याआधी गिझरवाला. ते येतात, ठोकाठोकी करतात, घरात दुसऱ्याचा आवाज होतो, तेवढंच. फार एकटं वाटतं हो इथे. तुम्ही मराठी निघाल हे थोडंच माहीत होतं?

पुढच्या कामाला जायचंय ना तुम्हाला? पाचच मिनिटं. मी बाबांना फोन लावतो, आत्ता, तुम्ही इथे समोर बसा. सगळं सांगतो, बाक, पत्र, भिंत, सगळं. तुम्हाला खरं सांगून झालंय, आता तुमच्यादेखत खोटं बोलायची माझी छाती होणार नाही. म्हणजे उद्याची मॅच त्यांनाही पहिलीच होईल. एवढंच हवंय मला, दुसरं काही नको. बसा. वाजतोय.

हॅलो, बाबा? हो, मीच. नाही, सगळं ठीक आहे. बाबा, एक सांगायचं होतं – ते तुम्ही साहेबांना पत्र लिहिलं होतं ना – अं? कुणाला सांगत होतात? सगळ्या मास्तरांना? एका पत्रावर साहेबांनी ऐकलं म्हणून? … नाही, हो, मानतात ना. अजून मानतात साहेब तुमचा शब्द. … नाही, काही नाही, सहजच केला. उद्या? हो, आहे ना मॅच. नेहमीसारखीच. ठेवतो.

असं बघू नका, दादा. नळ चालू केलात ना? मग निघा तुम्ही. दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं.